स्विचचा आयपी पत्ता आणि कारखान्यातून येणारी पूर्वनिर्धारित मूल्ये

नवा स्विच खोक्यातून काढून त्यास वीज जोडली आणि संगणकांच्या तारा त्याच्या पोर्टांत बसविल्या, की थोड्याच वेळात ते संगणक एकमेकांशी व्यवहार करू लागतात. त्यासाठी स्विचला कोणताही पत्ता द्यावा लागत नाही, की कोणती आज्ञा द्यावी लागत नाही. ह्या सुलभतेमुळे स्विचला आयपी पत्त्याची गरजच नाही असा समज सहज दृढ होतो. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग ध्यानात न घेतल्यामुळे विद्यापीठांच्या व कार्यालयांच्या जाळ्यांत ज्या अडचणी उद्भवतात, त्यांपैकी काही इतक्या विचित्र रूपाने प्रकट होतात की मूळ कारणाचा संशय स्विचवर जातच नाही. तार तपासली जाते, सेवा पुरविणाऱ्या कंपनीस दूरध्वनी केला जातो, संगणक नव्याने सिद्ध केला जातो. आणि दोष मात्र कपाटात निमूटपणे दिवे लुकलुकवीत बसलेल्या एका यंत्राच्या, कारखान्यात भरलेल्या एका आकड्यात असतो. म्हणून हे आकडे कोठून येतात, त्यांचे कार्य काय, आणि ते जसेच्या तसे राहू दिल्यास नेमके काय घडते, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

प्रथम स्विचचे मूळ कार्य पाहू. प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या आरंभी दोन मॅक पत्ते असतात : एक ज्या यंत्राकडे ती जावयाची त्याचा, व दुसरा ज्याच्याकडून ती निघाली त्याचा. मॅक पत्ता ४८ बिटांचा असून तो सामान्यतः उत्पादकानेच यंत्रात नोंदविलेला असतो. त्याच्या पहिल्या २४ बिटांवरून उत्पादकाची ओळख पटते. फ्रेम ज्या पोर्टातून आत आली त्या पोर्टासमोर प्रेषकाचा मॅक पत्ता स्विच आपल्या कोष्टकात टिपून ठेवतो, आणि प्राप्तकर्त्याचा पत्ता त्याच कोष्टकात शोधून फ्रेम नेमक्या पोर्टातून बाहेर काढतो. पत्ता कोष्टकात न सापडल्यास, फ्रेम आली ते पोर्ट वगळून बाकीच्या सर्व पोर्टांतून ती पाठविली जाते. एखाद्या यंत्राकडून ३०० सेकंद काहीच आले नाही तर त्याची नोंद पुसली जाते. ही ३०० सेकंदांची मर्यादाही एक पूर्वनिर्धारित मूल्यच होय. ती बदलण्याचा प्रसंग क्वचित येतो. ह्या सर्व व्यवहारात फ्रेमच्या पोटातील आयपी पत्त्याकडे स्विच पाहतही नाही. साध्या, अव्यवस्थापित म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचांना तर आयपी पत्ता मुळी नसतोच, आणि तरीही ती यंत्रे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात.

अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात प्रथम आणला तो कॅलिफोर्नियातील एका लहान कंपनीने, १९९० मध्ये. त्या स्विचला सात पोर्टे होती. कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते, आणि कंपनीचे नाव होते 'कल्पना'. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. आज सिस्कोच्या स्विचांविषयी जे काही पाठ्यक्रमांतून शिकविले जाते, त्याच्या मुळाशी असलेले हे नाव पाठ्यपुस्तकांत फारसे आढळत नाही, म्हणून येथे त्याचा उल्लेख केला.

आता स्विचच्या दुसऱ्या रूपाकडे वळू. व्यवस्थापित स्विचमध्ये फ्रेम वाहून नेणाऱ्या विद्युत्मंडलाहून वेगळा असा एक लहानसा संगणक असतो. कोणते पोर्ट चालू, कोणते बंद, कोणत्या पोर्टावर किती चुका झाल्या, हे विचारावयाचे असेल किंवा बदलावयाचे असेल, तर ह्या आतील संगणकाशी बोलावे लागते. एसएसएच, टेलनेट, एसएनएमपी, ब्राउझरमधील पान ही सर्व त्याच्याशी बोलण्याची साधने आयपीवर आधारलेली आहेत. आणि म्हणून त्या संगणकास, इतर कोणत्याही संगणकाप्रमाणेच, आयपी पत्ता लागतो. थोडक्यात, इतरांच्या फ्रेमांचा वाहक म्हणून स्विच पत्त्यावाचून काम करतो, परंतु जाळ्यावरील एक यजमान-यंत्र म्हणून तो पत्त्यावाचून मुका असतो. ही दोन रूपे एकाच पेटीत असल्यामुळे ती एकच आहेत असे वाटते. पुढील बहुतेक घोटाळ्यांचा उलगडा ही दोन रूपे मनात वेगळी ठेवली तरच होतो.

यजमान ह्या नात्याने स्विचला तीन मूल्ये द्यावी लागतात : आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि पूर्वनिर्धारित गेटवे. त्यांपैकी पत्त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. मास्क मात्र पुष्कळदा सवयीने लिहिला जातो. मास्कचे काम एकच : समोरचे यंत्र आपल्याच जाळ्यात आहे की बाहेर, हे ठरविणे. स्विचचा पत्ता १९२.१६८.१०.७० आणि मास्क २५५.२५५.२५५.१९२ आहे असे समजू. द्विमान पद्धतीत ७० म्हणजे ०१०००११० आणि १९२ म्हणजे ११००००००. जेथे दोहोंत १ आहे तेथेच १ ठेवला की ०१०००००० म्हणजे ६४ उरतात. अर्थात हा स्विच १९२.१६८.१०.६४ ह्या जाळ्याचा रहिवासी, आणि ६५ पासून १२६ पर्यंतचे पत्ते त्याचे शेजारी. आता १९२.१६८.१०.१३० ह्या संगणकाने त्यास काही विचारले तर? १३० म्हणजे १०००००१०. त्यावर तोच मास्क लावला की १२८ उरतात. ६४ व १२८ भिन्न आहेत, म्हणून तो संगणक परक्या जाळ्यातील ठरतो व त्याला द्यावयाचे उत्तर गेटवेकडे सोपवावे लागते. शेजारी ठरला असता तर स्विचने एआरपीच्या साहाय्याने, म्हणजे जाळ्यात पुकारा करून, त्याचा मॅक पत्ता विचारला असता आणि उत्तर थेट पाठविले असते. हा निर्णय स्विच केवळ स्वतःच्या मास्कवरून घेतो. समोरच्या यंत्राचा मास्क त्यास ठाऊक नसतो, की विचारताही येत नाही.

ही मूल्ये कोणीच दिलेली नसताना स्विचमध्ये जी मूल्ये असतात त्यांस पूर्वनिर्धारित, किंवा रूढ शब्दात डीफॉल्ट, मूल्ये म्हणतात. ह्या बाबतीत उत्पादकांची धोरणे भिन्न आहेत. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट वर्गातील अनेक स्विच पत्त्यावाचूनच येतात; सर्व पोर्टे व्हीलॅन १ मध्ये असतात, परंतु त्या व्हीलॅनच्या आभासी पोर्टास पत्ता नसतो, आणि प्रथम संभाषण कन्सोलच्या तारेने, ९६०० बॉडच्या वेगाने, करावे लागते. डी-लिंकच्या डीजीएस-१२१० ह्या मालिकेतील स्विच १०.९०.९०.९० हा पत्ता आणि २५५.०.०.० हा मास्क घेऊन येतात. टीपी-लिंकच्या अनेक स्विचांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. एचपीच्या १८१०जी ह्या नमुन्याचा १९२.१६८.२.१०, तर मायक्रोटिकच्या यंत्रांचा १९२.१६८.८८.१ असा आहे. नेटगिअरचे जीएस१०८टी यांसारखे स्विच प्रथम डीएचसीपी सेवकाकडे पत्ता मागतात आणि तो न मिळाल्यास १९२.१६८.०.२३९ हा पत्ता धारण करतात. सिस्कोच्या लहान कार्यालयांसाठी असलेल्या एसजी३०० मालिकेतही अशीच योजना होती : पत्ता न मिळाल्यास १९२.१६८.१.२५४, आणि तोवर यंत्राचा दिवा लुकलुकत राही. ही दिव्याची युक्ती चांगली होती. ती सर्वांनी उचलावयास हवी होती.

हे सर्व आकडे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होतात, ह्याचे कारण फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले आरएफसी १९१८. खासगी जाळ्यांनी वापरावयाचे तीन पट्टे त्यात राखून ठेवले आहेत : १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत, १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंत, आणि १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंत. हे पत्ते कोणाच्याही मालकीचे नाहीत. म्हणूनच उत्पादकास ते निश्चिंतपणे यंत्रात भरता येतात, आणि म्हणूनच ते ग्राहकाच्या जाळ्यात आधीपासून दुसऱ्या कोणी घेतलेले असण्याचा संभव असतो. वस्तुतः हा पेच टाळण्याचा मार्ग उपलब्ध आहे. २००५ च्या आरएफसी ३९२७ प्रमाणे यंत्राने १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पट्ट्यातील एखादा पत्ता यदृच्छेने निवडावा, तो दुसऱ्या कोणाचा नाही ना हे एआरपीने विचारून पाहावे, आणि मगच तो धारण करावा. परंतु असा पत्ता खोक्यावरील चिठ्ठीवर छापता येत नाही. ग्राहकास ब्राउझरमध्ये कोणता आकडा लिहावयाचा हे छापील कागदावर सांगता यावे, ह्या एका सोयीपोटी हजारो यंत्रे एकच पत्ता घेऊन कारखान्याबाहेर पडतात.

एकाच पत्त्याची दोन यंत्रे एका जाळ्यात आली म्हणजे काय होते, ते एका उदाहरणावरून पाहू. एका विभागाच्या जाळ्यात राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ आहे, लहान राउटरांत हा पत्ता फार आढळतो. तेथे पोर्टे कमी पडू लागली म्हणून एक नवा स्विच आणून, त्याच्या कोणत्याही मूल्यास हात न लावता, जोडण्यात आला. त्याचाही पत्ता १९२.१६८.०.१. आता एखाद्या संगणकास बाहेरच्या जगाकडे पॅकेट पाठवावयाचे आहे. तो पुकारा करतो : १९२.१६८.०.१ कोण? ह्या प्रश्नास राउटरही उत्तर देतो आणि स्विचमधील संगणकही देतो. दोन उत्तरांपैकी जे संगणकाच्या एआरपी कोष्टकात टिकते, त्यावर पुढचे सर्व अवलंबून. राउटरचा मॅक पत्ता टिकला तर काही बिघडत नाही. स्विचचा टिकला, तर त्या संगणकाची बाहेर जाणारी प्रत्येक फ्रेम स्विचच्या आतील संगणकाकडे जाते. आणि तो राउटर नसल्यामुळे ती टाकून देतो. त्याशिवाय अनेक यंत्रे सुरू होताना आपला पत्ता आपणहून जाहीर करतात. १९८२ च्या आरएफसी ८२६ मधील नियमच असा आहे की ज्या पत्त्याची नोंद कोष्टकात आधीच आहे त्याच्याविषयी नवे वृत्त आले तर नोंद तत्काळ बदलावी. म्हणजे स्विचला वीज मिळताच, त्या क्षणापर्यंत सुरळीत चाललेले संगणकही एकदम तुटू शकतात.

ह्या दोषाची लक्षणे विलक्षण फसवी असतात. काही संगणक चालतात, काही चालत नाहीत. जे सकाळी चालत होते ते दुपारी चालत नाहीत, कारण एआरपीच्या नोंदी अधूनमधून जुन्या होऊन नव्याने विचारल्या जातात. मुद्रणयंत्र व विभागातील सामायिक फायली सर्वांना मिळतात, कारण तो व्यवहार गेटवेकडे जात नाही, आणि वाहक ह्या नात्याने स्विच आपले काम चोख करीत असतो. सर्वात फसवी गोष्ट ही, की तुटलेल्या संगणकावरून गेटवेस पिंग केले तर उत्तर येते! ते उत्तर स्विचचे असते. गेटवे जिवंत आहे, तार ठीक आहे, तेव्हा दोष बाहेरचा, असा निष्कर्ष काढून तपासणारा मनुष्य नेमक्या उलट दिशेस जातो. प्रवेशपरीक्षेच्या अर्जांचा शेवटचा दिवस असेल, तर ह्या उलट दिशेची किंमत कोणास भरावी लागते हे निराळे सांगावयास नको.

निदान मात्र सोपे आहे. तुटलेल्या व चालू अशा दोन्ही संगणकांवर एआरपी कोष्टक पाहावे. १९२.१६८.०.१ समोर दोहोंत भिन्न मॅक पत्ते दिसले की प्रश्न सुटला. त्यांपैकी एक राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीशी जुळेल, दुसरा जुळणार नाही. केवळ उत्पादकाचे पहिले २४ बिट पाहून थांबू नये, कारण राउटर व स्विच एकाच कंपनीचे असण्याचा संभव पुष्कळ असतो. कोष्टक पाहणे जमत नसेल तर ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता लिहावा. राउटरऐवजी स्विचचे प्रवेशपान उघडले तर तेवढा पुरावा पुरेसा आहे.

डीएचसीपीवर विसंबणारे स्विच ह्या संकटातून सुटले असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वीज जाऊन परत येण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सर्व यंत्रे एकाच क्षणी सुरू होतात. स्विच लवकर सज्ज होतो, पत्ते वाटणारा सेवक मात्र त्यामागून काही मिनिटांनी. मधल्या काळात स्विचने मागणी केली, उत्तर आले नाही, आणि त्याने आपला राखीव पत्ता धारण केला. एका इमारतीत त्याच नमुन्याचे सहा स्विच असतील, तर सहाही आता एकाच पत्त्यावर आहेत. पुन्हा पुन्हा विचारणा करणारे यंत्र थोड्या वेळाने सावरते. तसे न करणारे यंत्र व्यवस्थापकाच्या दृष्टीने हरवते. वापरणाऱ्यांस ह्याचा पत्ताही लागत नाही, कारण फ्रेमांची वाहतूक चालूच असते. पुढे कधीतरी एखाद्या पोर्टाचा दोष पाहण्याची निकड पडते, तेव्हा स्विच सापडत नाही. संगणकांना पत्ते डीएचसीपीने द्यावेत हे योग्यच. परंतु ज्या यंत्राशी बोलावयाची गरज मुख्यतः बिघाडाच्या वेळी पडते, त्या यंत्राचा पत्ता बिघाडावर अवलंबून असू नये. स्विचला स्थिर पत्ता देणे, आणि तो डीएचसीपीच्या वाटपातून वगळणे, हेच श्रेयस्कर होय.

मास्कच्या चुकीचा एक नमुना विद्यापीठांच्या विस्तीर्ण जाळ्यांत विशेष आढळतो. १०.९०.९०.९० हा पत्ता बदलून व्यवस्थापकाने स्विचला १०.४०.२.१० हा पत्ता दिला, गेटवे १०.४०.२.१ असा अचूक दिला, परंतु २५५.०.०.० हा कारखान्याचा मास्क तसाच राहिला. आता १०.२०.५.७ ह्या, दुसऱ्या इमारतीतील, संगणकावरून विचारणा होते. ती राउटरमार्गे स्विचपर्यंत बिनचूक पोहोचते. उत्तर देताना मात्र स्विच आपला मास्क लावून पाहतो : पहिला आकडा १० आणि १०, म्हणजे हा तर शेजारी. तो गेटवेचे नावही न काढता स्वतःच्या जाळ्यात पुकारा करतो. पुकारा राउटरपलीकडे जात नाही, आणि उत्तर तेथेच अडते. ह्याच वेळी १७२.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून, म्हणजे अधिक परक्या जाळ्यातून, तोच स्विच व्यवस्थित बोलतो, कारण त्याच्या हिशेबी तो खराखुरा बाहेरचा असतो व उत्तर गेटवेकडे जाते. जवळून बोलतो, दुरून बोलतो, मधल्यांशी बोलत नाही, हे लक्षण एकदा पाहिले की विसरत नाही.

ही चूक कधी कधी वर्षानुवर्षे झाकून राहते. १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये वर्णिलेल्या प्रॉक्सी एआरपी ह्या पद्धतीत राउटर परक्या यंत्राच्या वतीने 'तो मीच' असे उत्तर देतो व पॅकेट पुढे पोहोचवितो. सिस्कोच्या राउटरांत ही सोय मुळातच चालू असते. म्हणजे एका यंत्रातील चुकीचे पूर्वनिर्धारित मूल्य दुसऱ्या यंत्रातील पूर्वनिर्धारित मूल्याने सावरून धरलेले असते. पुढे राउटर बदलला किंवा सुरक्षिततेसाठी ही सोय बंद केली, की एकाच दिवशी अनेक स्विच मुके होतात. आणि दोष अर्थातच नव्या राउटरच्या माथी मारला जातो.

गेटवेविषयी एवढेच सांगणे पुरे, की तो नसला तरी स्विच स्वतःच्या जाळ्यातील सर्वांशी बोलतो, म्हणून बसविताना चूक कळत नाही. सिस्कोच्या स्विचांत मात्र एक बारकावा आहे. 'आयपी डीफॉल्ट-गेटवे' ही आज्ञा राउटिंग बंद असतानाच लागू असते. तिसऱ्या स्तरावर काम करू शकणाऱ्या स्विचात 'आयपी राउटिंग' चालू करताच ती निष्प्रभ ठरते, आणि ०.०.०.० साठी वेगळा मार्ग नोंदवावा लागतो. दुसऱ्या गावाहून जोडणी करून ही आज्ञा देणाऱ्याची जोडणी त्याच क्षणी तुटते.

पत्ता कोठे राहतो, हाही प्रश्न आहे. तो एखाद्या पोर्टाचा नसतो, तर व्हीलॅनच्या आभासी पोर्टाचा असतो. आणि मुळात सर्व पोर्टे व्हीलॅन १ मध्येच असल्यामुळे प्रयोगशाळेतील कोणत्याही भोकात तार घालणारा मनुष्य स्विचच्या प्रवेशपानापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून व्यवस्थापनासाठी निराळे व्हीलॅन ठेवून पत्ता तेथे हलविण्याची रीत आहे. असे करताना दोन ठिकाणी घसरगुंडी होते. ते नवे व्हीलॅन स्विचवर निर्माण केलेले नसेल, किंवा त्यातील एकही पोर्ट चालू नसेल, तर आभासी पोर्ट पत्ता देऊनही निद्रिस्त राहते. शिवाय व्हीलॅन १ चे किंवा गेटवेचे मूल्य दुरून बदलताना, कोणतेही आधी बदलले तरी मधल्या अवस्थेत परतीची वाट तुटते. अशा वेळी सिस्कोच्या स्विचवर 'रीलोड इन १०' ही आज्ञा आधी देऊन ठेवावी. बदल फसला तर दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होतो आणि जतन केलेली जुनी मूल्ये परत येतात. साधला तर नव्या पत्त्यावर प्रवेश करून पुनरारंभ रद्द करावा व मगच नवी मूल्ये जतन करावीत. पुनरारंभात सर्व वाहतूक काही मिनिटे थांबते हे खरे; तरी बंद कपाटाची किल्ली शोधत पन्नास मैल जाण्यापेक्षा ते परवडते.

जतन करण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगावयाचे, की ह्या स्विचांत चालू मूल्ये आणि आरंभीची मूल्ये वेगवेगळी ठेवलेली असतात. बदललेले मूल्य तत्काळ लागू होते, पण आरंभीच्या मूल्यांत उतरविले नाही तर वीज जाताच लोप पावते. कित्येक महिने चाललेला पत्ता एका वीजखंडानंतर नाहीसा झाला, तर स्विच बिघडला असे समजण्यापूर्वी हे आठवावे.

आकड्यांबरोबर परवलीचा शब्दही पूर्वनिर्धारित येतो, किंवा येत असे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरच्या कॅमेऱ्यांवर व घरगुती राउटरांवर ताबा मिळविला, तो साठाहून अधिक ठरावीक नाव-परवल जोड्या एकामागून एक वापरून पाहण्याच्या साध्या रीतीने. त्यानंतर कायदे झाले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व यंत्रांना एकच परवल देऊन ग्राहकोपयोगी यंत्रे विकण्यास बंधन आले. अनेक उत्पादक आता प्रत्येक यंत्राच्या चिठ्ठीवर निराळी परवल छापतात. जुनी यंत्रे मात्र कपाटांत आहेत तशीच आहेत.

स्विचांच्या संदर्भात याहूनही बोलके उदाहरण सिस्कोच्या 'स्मार्ट इन्स्टॉल' ह्या सोयीचे आहे. नवा स्विच दूरच्या कार्यालयात कोणीही जोडावा आणि त्याची मूल्ये मध्यवर्ती यंत्राने आपोआप पुरवावीत, असा तिचा स्तुत्य हेतू. त्यासाठी अनेक कॅटॅलिस्ट स्विचांत ४७८६ ह्या टीसीपी पोर्टावर एक श्रोता मुळातच जागा ठेवलेला असे, आणि बोलणारा कोण हे तो विचारीत नसे. मार्च २०१८ मध्ये सिस्कोने ह्या सोयीतील एक गंभीर दोष जाहीर केला. ६ एप्रिल २०१८ रोजी इराण व रशियातील स्विचांची मूल्ये पुसली गेली व त्यांच्या जागी अमेरिकेच्या ध्वजाचे चित्र आणि एक राजकीय इशारा ठेवण्यात आला. इराणच्या दळणवळण मंत्रालयाने बाधित यंत्रांची संख्या जगभर सुमारे २,००,००० व इराणात सुमारे ३,५०० सांगितली. ह्या स्विचांत पत्ते होते, आणि ते बाहेरून गाठता येत होते, एवढेच आक्रमकास हवे होते. 'नो व्हीस्टॅक' ही एक ओळ लिहिली असती तर ही वाट बंद झाली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, अमेरिकेच्या एफबीआयने रशियन हेरखात्याशी संबंधित मंडळी ह्याच दोषाचा अद्याप उपयोग करून घेत असल्याचा इशारा दिला, ह्यावरून अशी किती यंत्रे जशी आली तशी चालत आहेत याची कल्पना यावी.

स्विच बसविण्याची रीत ह्या सर्वांवरून आपोआप ठरते. नवा स्विच जाळ्यास जोडण्यापूर्वी मेजावर एकटा सुरू करावा, त्यास फक्त एक लॅपटॉप जोडावा, आणि लॅपटॉपला त्याच जाळ्यातील पत्ता हाताने द्यावा, स्विच १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.०.१० व मास्क २५५.२५५.२५५.० चालेल. मग स्विचचा पत्ता, मास्क, गेटवे व परवल बदलावी, मूल्ये जतन करावीत, वीज एकदा काढून पुन्हा द्यावी आणि ती टिकली आहेत याची खात्री करून नवा पत्ता चिठ्ठीवर लिहून स्विचवर चिकटवावा. एकामागून एक असे अनेक स्विच सिद्ध करावयाचे असतील, तर दुसरा स्विच जोडल्यावर तो काही केल्या उत्तर देत नाही असा अनुभव येतो. लॅपटॉपच्या कोष्टकात १९२.१६८.०.१ समोर अजून पहिल्याच स्विचचा मॅक पत्ता असतो. ती नोंद पुसावी, म्हणजे दुसरा स्विच बोलू लागतो.